मगरीनं पाय धरला

कानाला काळं यंत्र लावलेली ती उंच बाई नरहरबुवांसमोर उभी राहिली आणि तिनं हाताची तीन बोटं वर केली. बुवांनी लगेच डोळे मिटून कपाळ पुढं केलं.

"बुवा, ती भस्म लावत नाहीये," मी कुजबुजले. "तीन मिनिटं म्हणतेय."

"कशाची?"

"आपल्या गाण्याची. रोज सांगतेय मी तुम्हाला."

"शकू, तीन मिनिटं मला उपरणं सारखं करायला लागतात."

मागं बाबालाल तबल्यावर हातोडी घालत होता. तिथल्या थंडीनं तबला उतरला होता, आणि बाबालालही. "ताई, बोटं आहेत का गळून पडली, जरा बघा की," असं तो सकाळपासून म्हणत होता. आणि या सगळ्याच्या मध्ये सूट घालून आमचे पथकप्रमुख, आबासाहेब मगर, येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र होतं. तशी ओळखपत्रं आम्हालाही मिळाली होती. बुवांनी आपलं अंगरख्यात दडवलं होतं, बाबालालनं तबल्याच्या पिशवीला बांधलं होतं, मी कमरेला खोचलं होतं. आबासाहेबांनी मात्र झोपतानाही काढलं नव्हतं. त्यावर इंग्रजीत 'लीडर' असं छापलेलं होतं.

आम्ही तिथं पोचलो कसे हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल गिरणीतलं पीठ डोक्यात गेलंय माझ्या.

युरोपातल्या डोंगरात एक गाव आहे. त्याचं नाव घेताना मला अजून शिंक येते. तिथं गाण्यांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरायची. प्रत्येक देशानं एकच गाणं पाठवायचं, त्यात आपल्या मातीतली एक गोष्ट असायला हवी, आणि सगळं तीन मिनिटांत आटपायचं. आपल्या देशातर्फे सिनेमातला कुणी गवई जाणार होता. तो ऐनवेळी घसा धरून बसला. दिल्लीतल्या कुठल्याशा कचेरीत धावपळ उडाली. कुणीतरी म्हणालं, कीर्तनवाले पाठवा. आता उत्तरेत कीर्तन म्हणजे गुरुद्वारातलं. पगडी, पेटी, तबला. कागद खाली झिरपत झिरपत आमच्या भागात आला, आणि इथल्या साहेबानं कीर्तन, पगडी, पेटी, तबला एवढं वाचून देवशिंगीच्या नरहरबुवांचं नाव कळवलं. यात चूक कुणाचीच नाही. बुवांना पगडी होती. पेटी मी वाजवत होते. विमानतळावर आलेल्या दिल्लीच्या बाबूनं माझ्या नऊवारीकडं पाहिलं, बाबालालच्या गोल टोपीकडं पाहिलं, बुवांच्या अंगरख्याकडं पाहिलं आणि सुस्कारा सोडून म्हणाला, "चलो, पगड़ी तो है."

मी गिरणीवाली. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी चालवायला घेतली. सकाळी जोंधळे दळायचे, संध्याकाळी राममंदिरात पेटी धरायची. कीर्तनाचं वेड मात्र परकरी वयापासूनचं. बरोबरीच्या मुली सिनेमाला जायच्या, मी कीर्तनाला. कीर्तनात काय नसतं? गाणं असतं, गोष्ट असते, नक्कल असते, शेजारणीला टोमणे असतात, आणि एवढं सगळं फुकट झाल्यावर देवही भेटतो.

देवशिंगीच्या रामनवमीला नऊ दिवस कीर्तन. गादी नरहरबुवांची. गादी म्हणजे कापसाची नव्हे. देवासमोर कीर्तनकारानं उभं राहायची चार फूट जागा. ती नारदाची. तिथं जो उभा, त्याच्यापुढं वयानं थोर असलेल्यानंही वाकायचं. बुवांच्या आधी तिथं त्यांचे वडील उभे राहायचे. पण अलीकडं श्रोते आटले होते. जे येत त्यांतले निम्मे प्रसादासाठी, निम्मे पंख्यासाठी.

आबासाहेब देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष, म्हणजे उत्सवाचे यजमान. ते पहिल्या रांगेत बसत आणि नमन संपायच्या आत घोरू लागत. पण एक मानलं पाहिजे. मध्यंतर झालं, बुवांनी चिपळ्या थांबवल्या, की हा माणूस आपोआप उठायचा. ताटातला हार घ्यायचा, बुवांच्या गळ्यात घालायचा, कपाळाला अंगठ्यानं बुक्का लावायचा, पाय धरायचा, परत येऊन बसायचा आणि झोपायचा. डोळे कधी उघडायचे ते आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. बाबालाल म्हणायचा, "साहेबांचा हात तेवढा भाविक आहे."

मध्यंतरानंतरचा उत्तररंग लांबला की मात्र त्यांना खडखडीत जाग यायची. मग ते आरतीचं निरांजन हातात घेऊन बसल्या जागेवरून बुवांना दाखवायचे. गार्ड हिरवा दिवा दाखवतो ना, तसं. कारण आरतीचं निरांजन यजमानानं आणायचं, आणि आरती झाल्याशिवाय कीर्तनातून उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बुवा ढिम्म हलायचे नाहीत. बुवांचा स्वतःचा एक नेम होता: भक्त संकटात असताना आख्यान सोडायचं नाही. एकदा द्रौपदी दरबारात उभी असताना देवळातले दिवे गेले. लोक चपला शोधायला लागले. बुवा अंधारात गरजले, "बाईला अशी सोडून कुठं निघालात रे?" सगळे मुकाट खाली बसले.

परदेशी जायच्या आधी आबासाहेबांनी बुवांना सभामंडपात बोलावून घेतलं होतं. मी आणि बाबालाल होतोच.

"बुवा, स्पष्ट सांगतो. तिथं चार गुण मिळाले, पेपरात नाव आलं, तर गादी तुमची. नाहीतर येत्या रामनवमीपासून भक्तिगीतांचा ऑर्केस्ट्रा. निपाणीची पार्टी आहे. लायटिंगसकट येतात."

"देवाला लायटिंग कशाला?"

"देवाला नाही हो, पब्लिकला."

बुवा रामाला नमस्कार करून उठले. परत जाताना माझ्या गिरणीपाशी थांबले. दळण चालू होतं, म्हणून मोठ्यानं विचारावं लागलं त्यांना, आणि अशी गोष्ट मोठ्यानं विचारायची नसते. "शकू, गादी गेली तर संध्याकाळी सहा वाजता मी करायचं काय गं?"

मी पट्टा बंद केला.

तालमी माझ्या घरी झाल्या. बुवांनी गजेंद्रमोक्ष काढला. तळ्यात उतरलेल्या हत्तीचा पाय मगर धरते, तो देवाला हाक मारतो, देव धावत येतो. गोष्ट छोटी, शिवाय हत्ती परदेशी लोकांना आवडतो. पण आबासाहेबांचं तोंड आंबट.

"दुसरं आख्यान नाही का?"

"हत्तीत काय वाईट आहे?"

"हत्तीचं नाही म्हणत मी. ते... दुसरं जनावर."

"कुठलं? मगर?"

बाबालाल तबल्याच्या वाद्या तपासायला खाली वाकला तो वाकलेलाच राहिला.

"नक्र म्हणा," आबासाहेब म्हणाले. "पोथीत नक्रच आहे. गेल्या रामनवमीला तुम्ही 'मगरीनं पाय धरला, मगरीनं पाय धरला' असं सात वेळा म्हणालात आणि सातही वेळा माझ्याकडं बघितलंत. लोक हसत होते."

"मी रामाकडं बघत होतो. मध्ये तुम्ही बसला होतात."

"आणि मुळात मगर स्त्रीलिंगी. मी..."

"तुम्ही पुल्लिंगी आहात हे गावाला माहीत आहे, आबासाहेब."

शेवटी बुवा नक्र म्हणायला कबूल झाले. नमन एका ओळीत आणलं, मंगलाचरण गाळलं, हत्तीला थेट पाण्यात उतरवला. मी घड्याळ पेटीवर ठेवून वाजवायची. हत्ती सुटेपर्यंत तीन मिनिटांतली थोडी सेकंदं उरायची. बुवा घाम पुसत म्हणायचे, "देव इतक्या लवकर आला तर त्याला देव कोण म्हणेल?" पण करायचे. गादीसाठी करायचे, हे मला दिसत होतं.

तर आम्ही पडद्याआड उभे. आमच्या आधीच्या देशाची मुलगी अंगभर पिसं लावून तारेवरून खाली उतरली. बुवांनी आदरानं हात जोडले. "गरुड दिसतोय," म्हणाले. मग आमचं नाव पुकारलं गेलं. पडदा गेला, दोन्ही बाजूंनी पांढरा धूर सुटला. बुवा उपरण्यानं धूर वारत पुढं झाले. "ऊद कुणी जाळलाय एवढा?"

आणि धूर विरला तेव्हा बुवांनी समोर पाहिलं.

माणसंच माणसं. खालपासून छतापर्यंत. दिवे, झेंडे, आणि सगळ्यांचे डोळे बुवांकडं. मी बाजूनं त्यांचा चेहरा पाहिला. गेल्या कित्येक वर्षांत बुवांना इतके जागे श्रोते मिळाले नव्हते. हा माणूस आता एका ओळीत नमन करणार नाही, हे मला पहिल्या सुरालाच कळलं.

नमनाला घडाभर तेल जातं म्हणतात. बुवांनी घडा पालथा केला. गणपती झाला, शारदा झाली, गुरू झाले, वडील झाले. "या परमुलुखातल्या श्रोत्यांच्या रूपानं बसलेल्या नारायणाला" वंदन झालं. समोरच्या भिंतीवर मोठ्या घड्याळाचे आकडे उलटे पळत होते. मी पेटीचा भाता जोरात मारून पाहिला, खोकले, पायानं बाबालालला ढोसलं. त्यानं लय वाढवली. बुवांना वाटलं आम्ही रंगात आलोय. त्यांनी मला खुशीत मान डोलावून दाद दिली.

हत्ती तळ्याकाठी आला तेव्हा घड्याळात जेमतेम पाव मिनिट उरलं होतं. हत्तीनं सोंडेनं पाणी उडवलं. बुवांनी ते असं उडवलं की पहिल्या रांगेतली एक बाई मागं सरकली. हत्तीनं एक पाय पाण्यात टाकला. दुसरा टाकला. चिपळ्या थांबल्या. बुवा खाली वाकले, एकदम ताठ झाले, आणि सगळ्या तालमी, सगळी वचनं विसरून दुसऱ्या रांगेत जाऊन बसलेल्या आबासाहेबांकडं पाहत ओरडले,

"मगरीनं पाय धरला!"

लाल दिवा लागला. घड्याळात शून्य.

विंगेत ती कानाला यंत्र लावलेली बाई हात हलवत होती. बुवांनी तिला पाहिलं. तिनं आपल्या गळ्यावरून आडवं बोट फिरवलं. बुवांनी गंभीरपणे मान हलवली आणि मला म्हणाले, "बघ, तिला कळलं. जिवावर बेतलंय त्याच्या."

"बुवा, वेळ संपली!"

"आणि हत्ती?"

यावर मी काय बोलणार? मीही त्याच देवळात वाढलेली. हत्तीचा पाय मगरीच्या तोंडात ठेवून घरी जायचं कुणी? मी स्वर धरून ठेवला. बाबालालनं माझ्याकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, आणि ठेका सोडला नाही. बुवांनी अभंग उचलला. त्यांचा स्वतःचा होता, आमच्याच घरी बसून केलेला:

पाण्यामध्ये पाय। पायामध्ये दात।
वरी दीनानाथ। कुठे माझा॥

'कुठे माझा'ला माइक बंद झाला.

मग मी पाहिलं, ती बाई ताडताड पायऱ्या उतरून दुसऱ्या रांगेत गेली. तिनं आबासाहेबांच्या छातीवरच्या ओळखपत्राला बोट लावलं: लीडर. मग ते बोट आमच्याकडं केलं: न्या तुमच्या माणसाला. आबासाहेब उठले. मानेपर्यंत लाल झाले होते. ते खुर्च्यांमधून निघाले, पायऱ्या चढले, आणि सरळ बुवांच्या दिशेनं चालू लागले. ते काय करणार होते हे त्यांच्या आवळलेल्या मुठीवरून मला दिसत होतं. बुवांच्या दंडाला धरून ते त्यांना ओढत नेणार होते, साऱ्या जगासमोर. आणि मग गादी गेलीच.

बुवांनी त्यांना येताना पाहिलं.

आणि बुवांचा चेहरा उजळला. कारण हा माणूस याच चालीनं, याच बाजूनं, वर्षानुवर्षं त्यांच्याकडं येत आला होता. बुवांनी चिपळ्या मिटल्या. पगडी सावरली. आणि आबासाहेब दोन हातांवर आले तसं डोळे मिटून, शांतपणे, मान खाली वाकवली.

आबासाहेब थबकले. दंड धरायला उचललेला हात हवेत राहिला. तो हात मी विसरणार नाही. त्याला जणू धनी उरला नव्हता. तो आधी बाजूला गेला, जिथं ताट असायचं. ताट नव्हतं. मग तो दुसऱ्या हाताला घेऊन वर गेला, आबासाहेबांच्या स्वतःच्या गळ्यापाशी. दोन्ही हातांनी निळी फीत डोक्यावरून काढली आणि नरहरबुवांच्या गळ्यात घातली. नीट. पगडीला धक्का न लावता. अंगठा बुवांच्या कपाळाला टेकला. बुक्का नव्हता, तरी टेकला. आणि मग सूट घातलेले आबासाहेब मगर खाली वाकले आणि त्यांनी बुवांचे पाय धरले.

"ताई," बाबालाल ओठ न हलवता म्हणाला, "मगरीनं पाय धरला की ओ."

माझी बोटं काळ्या पट्ट्यांवरून पांढऱ्यांवर घसरली. असा सूर त्या स्पर्धेत दुसऱ्या कुठल्याच देशानं लावला नसेल.

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या कडाडल्या. त्या आवाजानं आबासाहेब जागे झाले. त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं, दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. मग वळले आणि खाली उतरले. पण खाली दारावरचे दोन धिप्पाड गडी उभे होते. त्यांनी आबासाहेबांच्या गळ्याकडं पाहिलं. गळा रिकामा. आबासाहेब स्टेजकडं बोट दाखवून "लीडर! लीडर!" म्हणत राहिले. त्या गड्यांनी स्टेजकडं पाहिलं, तिथं फीत घातलेला लीडर चिपळ्या वाजवत होता. त्यांनी आबासाहेबांना दोन्ही बाजूंनी अलगद उचललं आणि मागच्या काचेच्या दाराबाहेर नेऊन ठेवलं.

इकडं बुवांनी डोळे उघडले. हार पडला म्हणजे मध्यंतर झालं. आता उत्तररंग.

माइक नव्हता. पण बुवांचा गळा माइकच्या आधीचा आहे. हत्तीची हाक त्यांनी अशी काही मारली की वरच्या मजल्यावरचे झेंडे हलायचे थांबले. त्या बाईनं यंत्रात काहीतरी सांगितलं आणि मग सांगायची थांबली. मध्येच बुवा "सीताकांतस्मरण" म्हणाले. मी आणि बाबालाल "जय जय राम" म्हणालो. दुसऱ्यांदा पहिल्या रांगेतल्या त्या मागं सरकलेल्या बाईनंही काहीतरी म्हटलं. तिसऱ्यांदा अर्धा हॉल ओरडला, "जेजे राम!" भक्तीनं नाही, खोटं कशाला सांगू, ओरडायला मिळालं म्हणून. पण आमच्या गावात तरी दुसरं काय असतं? देव तेवढ्यावरही येतो.

आला. चप्पल न घालता, गरुडाला मागं टाकून धावत आला. हत्ती सुटला. बुवांनी घाम पुसला, समाधानानं दुसऱ्या रांगेकडं पाहिलं आणि म्हणाले, "यजमान, निरांजन."

खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात कुणीतरी सगळे दिवेच घालवले.

आम्ही अंधारात पेटी उचलून खाली आलो. थोड्या वेळानं मोठ्या फळ्यावर देशांची नावं आणि गुण उमटले. आमच्या देशापुढं शून्य. नियम मोडला म्हणून. स्पर्धेत शून्य मिळवणारे आम्ही एकटेच.

"शून्य आपल्याच लोकांनी शोधलं म्हणतात ना?" बुवा म्हणाले. "माहेरी आलं."

पण हसले नाहीत. परतीच्या बसमध्ये आबासाहेब खिडकीकडं तोंड करून बसले होते. गाव येईपर्यंत ते बुवांशी दोनदाच बोलले. आधी: "माझं ओळखपत्र द्या."

"दिलेला हार कुणी परत मागतं का?" बुवा म्हणाले.

"ऑर्केस्ट्रा," आबासाहेब म्हणाले, आणि परत खिडकीकडं वळले.

रामनवमीआधी ट्रस्टची बैठक सभामंडपात भरली. बैठक कसली, निकाल वाचायचा होता. ट्रस्टी होते, आम्ही तिघं होतो, आणि शून्य मिळवलेला माणूस बघायला अर्धं गाव. इतकी गर्दी त्या मंडपात मी बऱ्याच दिवसांनी पाहिली. बुवा गळ्यात निळी फीत घालून आले होते.

आबासाहेबांनी घसा साफ केला. "ठरल्याप्रमाणं या वर्षीपासून ऑर्केस्ट्राला गादी..."

"माझी हरकत नाही," बुवा म्हणाले. "पण गादी मोकळी नाही."

"म्हणजे?"

"कीर्तन चालू आहे."

मंडपात कुजबुज झाली. आबासाहेबांनी कपाळाला हात लावला. "कुठलं कीर्तन, बुवा?"

"नमन झालं. मध्यंतराला यजमानांनी हार घातला. तो हा. पाय धरले. हे दोघं साक्षीला आहेत."

"व्हय, धरले की," बाबालाल म्हणाला. "मी तर ते मरेस्तोवर इसरायचा नाही."

"उत्तररंग झाला. आरती कुठं झाली? आरतीवाचून कीर्तन संपत नाही, आणि चालू कीर्तनात दुसऱ्याला गादीवर उभं करत नाहीत. ही रीत माझी नाही, देवळाची आहे."

एक ट्रस्टी हसला. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. आबासाहेब तावातावानं उठले. "एवढंच ना? मग आत्ता आरती करू. संपवा एकदाचं!"

ते गाभाऱ्याकडं गेले. निरांजन तेवतच होतं. त्यांनी ते उचललं आणि वळले. किती वर्षं त्यांनी ते निरांजन बुवांना लांबून दाखवलं होतं! आज पहिल्यांदा बुवा अडवणार नव्हते. गादीवर जाऊन ते उभे राहिले, हात जोडले आणि वाट पाहू लागले. सहा वाजत आले होते. मी रामाकडं पाहिलं. त्यानं नेहमीसारखं काही कळू दिलं नाही.

आबासाहेब अर्ध्या वाटेवर आले आणि थांबले. ते बुवांच्या गळ्यातल्या निळ्या फितीकडं बघत होते.

"बुवा," ते म्हणाले. "पुढं काय झालं हो?"

"कशाचं?"

"हत्तीचं. दार काचेचं होतं. दिसत होतं सगळं. तुम्ही हात वर करत होतात, ती माणसं ओरडत होती... ऐकू काही येत नव्हतं. मी दार ठोठावलं. कुणी उघडलं नाही."

"गोष्ट तुम्हाला माहीत आहे, आबासाहेब. लहानपणापासून ऐकताय."

"कुठं ऐकलीय?" आबासाहेब म्हणाले. "झोपतो ना मी."

मंडपात कुणी हसलं नाही. बुवांनी गळ्यातली फीत सारखी केली. मग म्हणाले, "हत्तीचंच विचारलंत. मगरीचं नाही?"

"तिचं काय झालं?"

"ती पण सुटली. शापातला गंधर्व होता तो. पाय धरला म्हणून तर सुटला."

आबासाहेबांनी निरांजन परत गाभाऱ्यात नेऊन ठेवलं. येऊन पहिल्या रांगेच्या जागी मांडी घालून बसले. "सुरुवातीपासून सांगा," म्हणाले. "नमनासकट."

मी पेटी उघडली.

ती रामनवमी बुवांची झाली. पुढच्याही झाल्या. दरवर्षी शेवटच्या दिवशी बुवा भैरवी म्हणत, हात जोडत आणि सांगत, "आरती बाकी आहे." आणि यजमान निरांजनाकडं पाठ करून बसलेले असत, जागे. पुजारी देवाची आरती करायचा ती वेगळी. ती देवाची, कीर्तनाची नव्हे. निपाणीची पार्टी एकदा चौकशीला आली होती. त्यांना सांगितलं, चालू कार्यक्रम संपला की कळवू.

मग बुवा गेले. निळी फीत त्यांच्याबरोबरच दिली. त्या वर्षीच्या चैत्रात आबासाहेब काठी टेकत गिरणीत आले.

"शकूताई, संध्याकाळी सहाला या."

"पेटी घेऊन?"

"पेटी दुसरं कुणी धरेल. तुम्ही उभ्या राहा."

"मी? पिठाचे हात माझे. त्यापेक्षा आता आरती करून टाकू या, आबासाहेब. बुवाच राहिले नाहीत."

"बुवा नाहीत, कीर्तन आहे," आबासाहेब चिडून म्हणाले. "तुम्ही त्यातल्याच, दुसऱ्या नव्हे. हार मी घातलाय. मी सांगेन तेव्हा संपेल. सहाला या."

गेले. पिठाचे हात धुऊन गादीवर उभी राहिले. गजेंद्रमोक्षाशिवाय मला तोंडपाठ दुसरं काही नव्हतं, तेच उचललं. मध्यंतराला म्हातारा काठी बाबालालच्या हातात देऊन आला, मला हार घातला, बुक्का लावला आणि वाकू लागला. मी म्हटलं, राहू द्या, गुडघे दुखतात तुमचे. ऐकलं नाही. उत्तररंगात हत्ती पाण्यात उतरला. मी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत पांढऱ्या भुवयांखाली दोन डोळे टक्क उघडे होते. त्या वयाचा, त्या माणसाचा मान ठेवावा असं मला वाटलं.

"आणि नक्रानं पाय धरला," मी म्हणाले.

"नक्र काय नक्र?" आबासाहेब बसल्या जागेवरून ओरडले. "मगर म्हणा, शकूताई! मगर!"